मोदकाला हात कसा बसवायचा (आणि तबल्याला, बोलिंगला, स्कूटीलापण)

गेल्या वर्षी जुलैमध्ये आईचं मनगट दुखायला लागलं, डॉक्टरांनी पट्टा दिला आणि सांगितलं की दोन महिने मळणं-बिळणं बंद. म्हणजे गणपतीच्या नैवेद्याचे एकवीस उकडीचे मोदक कोण वळणार हा प्रश्न. बायकोचं माहेर नागपूरचं, त्यांच्याकडे तळणीचे मोदक, ती सरळ म्हणाली मी साच्यातले करते. साचा हा शब्द ऐकून आईचा चेहरा जो काही झाला तो बघून मी बोलून गेलो की मी शिकतो, माझ्या हातात सहा आठवडे आहेत.

पहिल्या रविवारी सकाळी बसलो ते जेवणाची वेळ टळून गेली तरी उठलो नाही, सलग पन्नासेक पाऱ्या. शेवटचे दहा इतके देखणे झाले की फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, मावशीने तीन हार्ट पाठवले. बुधवारी परत बसलो तर पहिली पारी फाटली, दुसरीला कळ्या चारच पडल्या, तिसरा मोदक बंदच होईना. मग रविवारी जे जमलं होतं ते गेलं कुठे?

या प्रश्नावर भरपूर रिसर्च झालंय. विषयाला मोटर लर्निंग म्हणतात, मोटर म्हणजे गाडीची नाही, हातापायाच्या हालचालीची. आणि त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे की सराव चालू असताना जमणं वेगळं आणि शिकणं वेगळं. सलग चाळीस वेळा एकच गोष्ट केली की एक्केचाळिसाव्या वेळी ती जमतेच, कारण आधीच्या चाळीस वेळा हातात अजून गरम असतात. शिकलो की नाही ते दुसऱ्या दिवशी थंड हाताने कळतं. खाली जे लिहितोय ते मी मोदकासाठी केलं, पण मुलाच्या तबल्यालाही तेच लावलं आणि बिल्डिंगमधल्या एका काकूंना स्कूटी शिकवतानाही.

आधी मोजायचं काय ते ठरवा

एक वही घ्या, साधी दहा रुपयांची. रोज बसलात की पहिला नग सोडून द्या (हात गरम व्हायला एक लागतोच, त्याचा राग धरायचा नाही) आणि पुढचे तीन कसे झाले तेवढंच लिहा. माझ्या वहीत तीनच कॉलम होते: कळ्या किती, पारी फाटली का, तोंड नीट मिटलं का. दिवसाचा शेवटचा सुंदर मोदक वहीत लिहायचा नाही, फोटो काढा हवा तर. तबल्याला हेच, काल घोटलेला कायदा (म्हणजे तबल्यातली बोलांची ठरलेली रचना) आज आल्या आल्या एकदा वाजवून बघायचा आणि कुठल्या लयीला मोडला ते लिहायचं.

हे एवढं कशाला, तर आपलं मन आपल्याला फसवतं. सायमन आणि ब्योर्क यांनी २००१ मध्ये लोकांना बटणं दाबायचे पॅटर्न शिकवले आणि विचारलं, उद्या तुम्हाला कितपत जमेल? एकच पॅटर्न सलग घोटणाऱ्यांना खात्री होती की आपलं मस्त होणार, पॅटर्न मिसळून करणारे बिचारे घाबरलेले. दुसऱ्या दिवशी उलटं झालं. म्हणून वही.

वेळ तोडा

माझा रविवारचा साडेतीन तासांचा पराक्रम ही पहिली चूक. १९७८ मध्ये बॅडली आणि लाँगमन यांचा एक अभ्यास आला, इंग्लंडमधल्या पोस्टमनना नवीन कीबोर्डवर टायपिंग शिकवायचं होतं. एका गटाला दिवसाला एक तास, एका गटाला दोन तासांचे दोन भाग म्हणजे चार तास, आणि मध्ये अजून दोन गट. रोज एक तासवाल्यांना कीबोर्ड हाताखाली यायला साधारण ३५ तास लागले, चार तासवाल्यांना जवळजवळ ५०. आता गंमत अशी की सगळ्यात नाखूश कोण होतं तर हे एक तासवालेच, कारण कॅलेंडरवर दिवस जास्त जात होते आणि त्यांना वाटायचं आपण मागे पडतोय.

तर मी रोज रात्री जेवणानंतर वीस मिनिटं ठरवली, मोबाईलवर टायमर लावून. मुलुंड ते लोअर परळ लोकलने जाऊन-येऊन वीस मिनिटांच्यावर अंगात काही उरतही नव्हतं म्हणा. अर्धी वाटी तांदळाचं पीठ, अर्धी वाटी पाणी, चिमूट मीठ, चमचाभर तूप. त्या उकडीत मध्यम आकाराचे पाचेक मोदक होतात. मोडायचं, ओल्या हाताने परत मळायचं, परत वळायचं, असं तीन वेळा केलं की पंधरा होतात आणि पीठ वाया जात नाही. शेवटी त्या उकडीत मिरची-जिरं वाटून घालून निवगऱ्या वाफवायच्या. दुसऱ्या आठवड्यात मुलाने विचारलं की आज पण निवगऱ्या का, तर तेवढं सहन करावं लागतं.

ज्यांना गणपती आठ दिवसांवर आलेत त्यांनी मात्र दिवसातून दोनदा बसा, तासांचा हिशोब तोट्यात गेला तरी चालेल कारण तुमच्याकडे दिवसच नाहीत.

तुकडे करायचे, पण कुठेही नाही

उकड काढणं, पारी करणं, कळ्या पाडणं, तोंड मिटणं. ही चार कामं एकामागून एक येतात त्यामुळे सुटी सुटी शिकली तर चालतात. पण कळी पाडणारा उजवा हात आणि पारी फिरवणारा डावा हात हे एकाच वेळी चालतात, ते वेगळे करून शिकलात तर फुकट. मी केलं होतं, पारी ताटलीत ठेवून नुसत्या चिमट्या काढत बसलो, दोन दिवस गेले. चिमट्या झकास यायला लागल्या आणि पारी हातात घेतली की शून्य. स्कूटीचं तसंच, वळणं आणि ब्रेक आणि थ्रॉटल हे उभ्या गाडीवर वेगवेगळं घोटून काही होत नाही. साधा हिशोब आहे, जे एकामागून एक येतं ते तोडा, जे एकत्र होतं ते हळू करा पण तोडू नका.

बघायचं कसं

आईला विचारलं, कळ्या किती पाडतेस? म्हणाली, "मोजल्यात कोणी!" मग विचारलं अंगठा कुठे ठेवतेस, तर तिने पारी हातात घेऊन स्वतःच्याच हाताकडे असं बघितलं की जणू पहिल्यांदा बघतेय. हे खोटं नाही, हाताची आठवण खरंच वेगळ्या कप्प्यात असते. हेन्री मोलेसन नावाचा अमेरिकन माणूस होता, १९५३ च्या मेंदूच्या ऑपरेशननंतर त्याला नवीन काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीच्या रेघांमधून पेन्सिल फिरवायला दिली. तीन दिवसांत त्याचा हात सुधारत गेला आणि दर वेळी तो म्हणायचा की हे मी आधी कधी केलंच नाही. तेव्हा जाणत्या माणसाला शब्दांत विचारू नका, हात बघा.

समोर बसून बघितलं की डावं-उजवं उलटं होतं, मी आईच्या मागे उभा राहून तिच्या खांद्यावरून बघायचो आणि तसाच व्हिडिओ काढला. (पट्टा सोडून तिने तीनच मोदक वळले, बायको ओरडली, तरी.) आणि नुसता उस्तादाचा हात बघू नका, शिकाऊ माणसाचाही बघा, तो कुठे चुकतो आणि मग काय बदलतो ते बघण्यात बरंच शिकायला मिळतं. माझा पुतण्याही माझ्याबरोबर लुडबूड करत होता, त्याची पारी नेहमी मध्ये पातळ आणि कडेला जाड व्हायची, ते बघून मला माझं कळलं. पाहिजे असतं उलटं, बुडाशी किंचित जाड आणि कडेला पातळ.

मिसळा, इथे खरी मेहनत आहे

हा भाग सगळ्यात जास्त लोक टाळतात कारण तो नकोसा वाटतो. शे आणि मॉर्गन, १९७९. लोकांना हातात टेनिसचा बॉल घेऊन ठरलेल्या क्रमाने लाकडी फळ्या पाडायच्या होत्या, तीन वेगवेगळे क्रम, एकूण ५४ वेळा. अर्ध्यांनी एक क्रम संपवून मग दुसरा घेतला, अर्ध्यांना कधी कुठला येईल ते माहीत नाही. सराव चालू असताना पहिले पुढे होते. दहा दिवसांनी परत बोलावलं तेव्हा मिसळवाले पुढे. १९८६ मध्ये गुड आणि मॅगिल यांना बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिसवर असंच दिसलं. आणि १९९४ मध्ये हॉल आणि मंडळींनी कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंना आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, जादाचे ४५ बॉल दिले, तीन प्रकारचे पंधरा-पंधरा. एक प्रकार संपवून दुसरा घेणाऱ्यांची बॅटिंग २५ टक्के सुधारली, मिसळून खेळणाऱ्यांची ५७ टक्के, काहीच जादा न करणाऱ्यांची ६ टक्के.

आपल्याकडे शिवाजी पार्कवर आचरेकर सर सचिनला स्कूटरवर बसवून एका मैदानावरच्या मॅचवरून दुसऱ्या मैदानावरच्या मॅचला न्यायचे, स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवायचे, ते कुठलं जर्नल वाचून नाही. आणि कांगा लीग बघा, १९४८ पासून भर पावसाळ्यात, ओल्या पीचवर, बॉल कधी अडकतो कधी घसरतो, गवत एवढं की ड्राइव्ह मारला तरी दोन रन नाहीत. मुंबईचे जुने बॅट्समन तिथे तयार झाले म्हणतात त्यामागे हेच आहे, रोज वेगळा प्रश्न.

का होतं असं? एकच गोष्ट परत परत केली की डोकं मघाशी ठरवलेलं उत्तरच पुढे ढकलतं. मध्ये दुसरं काही आलं की ते पुसलं जातं आणि परत पहिल्यापासून उभं करावं लागतं, आणि हे उभं करणं म्हणजेच शिकणं. निदान एक मोठं स्पष्टीकरण असं आहे.

पण थांबा, इथे लोक वाहवत जातात. लॅबमध्ये हा फरक मोठा दिसतो, मैदानावर आणि वर्गात बराच लहान, कधी दिसतही नाही. अगदी नवख्याला पहिल्या दिवसापासून मिसळून दिलं तर त्याच्या डोक्याचं भजं होतं. ग्वाडाग्नोली आणि ली यांनी २००४ मध्ये याचीच मांडणी केली, की अडचण माणसाच्या मगदुराप्रमाणे हवी. मी असं केलं: पहिले पाच दिवस एकाच आकाराची पारी, बाकी काही नाही. तीनातले दोन मोदक मिटायला लागल्यावर मिसळायला सुरुवात. एक मोठा, एक लिंबाएवढा, एकाला पाच कळ्या, पुढच्याला सात, एक ताज्या मऊ उकडीचा आणि एक वीस मिनिटं उघडी ठेवलेल्या उकडीचा, जिला चिरा जातात. लागोपाठ दोन सारखे करायचे नाहीत एवढाच नियम. पहिल्या तीन दिवसांत वहीतले आकडे पडले, आठवड्याने वर आले आणि मग खाली गेले नाहीत.

आकार बदलण्यामागे अजून एक जुना प्रयोग आहे, कर आणि बूथ, १९७८. आठ वर्षांची मुलं, टार्गेटवर छोटी पिशवी फेकायची. काही मुलांनी फक्त तीन फुटांवरून सराव केला, काहींनी दोन आणि चार फुटांवरून, तीन फुटांवरून एकदाही नाही. परीक्षा तीन फुटांची, आणि जिंकली दुसरी मुलं! म्हणून मुलाला बोलिंग शिकवत असाल तर कधी सतरा यार्डांवरून टाकू द्या कधी तेवीस, कधी टेनिस बॉल कधी सीझन.

हा, एक सांगायचं राहिलं. सारण. रोज नारळ फोडणं परवडत नाही म्हणून पहिला आठवडा रिकामे मोदक, मग आत कणकेची गोळी, निदान वजन तरी येतं. पण शेवटचे दहा दिवस एक दिवसाआड खरं सारण घ्याच, कारण गुळाचा पाक कडेला लागला की कड मिटत नाही, आणि ही अडचण कणकेच्या गोळीने कधीच शिकवली नसती.

शिकवणाऱ्याने गप्प बसायचं

आई सोफ्यावरून दर कळीला बोलायची. "अरे दाबू नकोस. पाणी लाव. फिरव, फिरव." ती बोलत असेपर्यंत मोदक सुरेख, ती भाजी आणायला खाली गेली की कोसळला. विन्स्टीन आणि श्मिट यांनी १९९० मध्ये एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर किती चुकलात ते सांगितलं, दुसऱ्या गटाला निम्म्या वेळाच, तेही सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी कमी करत. सरावात दोघं सारखेच, दुसऱ्या दिवशी काही न सांगता करायला लावलं तर निम्मेवाले सरस. सतत सांगितलं की माणूस त्या आवाजावर टेकतो, स्वतःचा हात वाचायला शिकत नाही.

मग आमचा करार झाला. पाच मोदक होईपर्यंत आई एक अक्षर बोलणार नाही (तिला फार जड गेलं, मालिका लावून बसायची). पाच झाले की आधी मी सांगायचं कुठला चांगला, कुठला वाईट आणि का, मग ती सांगणार. हे आधी स्वतः अंदाज बांधणं महत्त्वाचं आहे, स्विनेन आणि सहकाऱ्यांच्या १९९० च्या प्रयोगात निकाल ताबडतोब कळणाऱ्यांपेक्षा थांबून स्वतः अंदाज करणारे पुढे चांगले निघाले. तबल्याच्या सरांना हे सांगायची हिंमत माझ्यात नाही, पण घरी मुलगा वाजवत असताना मी मध्ये बोलणं बंद केलंय.

आणि बोलायचं तेव्हा काय बोलायचं? बोटांबद्दल कमी, वस्तूबद्दल जास्त. गॅब्रिएले वुल्फ यांचा १९९८ चा प्रयोग स्कीच्या सिम्युलेटरवरचा, म्हणजे चाकांवर डावी-उजवीकडे सरकणाऱ्या पाटावर उभं राहून करायचा. काही जणांना सांगितलं पायांवर लक्ष ठेवा, काहींना पायांखालच्या चाकांवर. अंतर जेमतेम काही इंचांचं, पण चाकावर लक्ष ठेवणारे चांगलं शिकले. मी आधी अंगठा, तर्जनी, मधलं बोट असा जप करत होतो. आई एकदा सहज म्हणाली, साडीच्या निऱ्या घालतात तशी कड उभी राहू दे. बोटं विसरून कडेकडे बघायला लागलो आणि दोन दिवसांत कळ्या सात वरून नऊवर गेल्या. स्कूटीवाल्या काकूंनाही मी हँडल घट्ट धरा सांगणं सोडून त्या समोरच्या पिवळ्या गेटकडे बघा म्हणायला लागलो.

अडकलात तर

तिसऱ्या आठवड्यात मी नऊ कळ्यांवर अडकलो. सहा दिवस, हलेचना. हे तारमास्तरांच्या काळापासून माहीत आहे, ब्रायन आणि हार्टर यांनी १८९७ मध्ये तारेचे संदेश घ्यायला शिकणाऱ्यांचे आलेख काढले तेव्हा त्यात असे सपाट पट्टे दिसले होते, आणि मग परत चढ. सपाटीचं कारण प्रत्येकाचं वेगळं असतं, त्यामुळे तेच अजून जोरात करण्यापेक्षा काय अडतंय ते शोधा. माझं अडत होतं पारीवर, कळ्यांवर नाही. पारीच जाड होती, तिच्यात अकरा कळ्या मावणार कशा? तीन दिवस फक्त पारी केली, उजव्या अंगठ्याने कडेकडे दाबत नेत, प्रकाशासमोर धरून बघत. मग अकरा.

दुसरं म्हणजे सुरुवातीला जो भराभर फरक पडतो तो पुढे पडत नाही, ते तसंच असतं. क्रॉसमन यांनी १९५९ मध्ये सिगार वळणाऱ्या कामगारांचा वेग तपासला तेव्हा लाखो सिगार वळून झाल्यावरसुद्धा, काही वर्षांनीसुद्धा, वेग किंचित किंचित वाढतच होता. दहा हजार तासांचं जे लोक सांगतात तो आकडा १९९३ च्या बर्लिनच्या व्हायोलिनवादकांच्या अभ्यासातला, तोही विशीपर्यंतची सरासरी. त्याचा मोदकाशी संबंध नाही, घाबरू नका.

झोपा मात्र. २००२ मध्ये वॉकर आणि सहकाऱ्यांना दिसलं की बोटांनी आकड्यांचा क्रम टायपायला शिकून रात्रभर झोपल्यावर वेग २० टक्के वाढला. त्यातला काही भाग फक्त थकवा उतरल्याचा असावा असं नंतर काहींनी दाखवलं, ते पटतंही, पण रात्री एक वाजता चौथ्यांदा उकड मळण्यापेक्षा झोप केव्हाही बरी.

लोकलमध्ये काय करता येतं हेही बघितलं. नुसतं मनात करून बघणं काहीच न करण्यापेक्षा बरं, प्रत्यक्षापेक्षा कमी. मी दादरपर्यंत डोळे मिटून पारी फिरवायचो. रुमालाच्या कडेला कळ्या पाडूनही बघितल्या, समोरचे काका जागा बदलून गेले.

चारचौघांत

शेवटच्या आठवड्यात एक काम नक्की करा, कोणीतरी बघत असताना सराव. बायलॉक आणि कार यांनी २००१ मध्ये गोल्फच्या पटिंगवर (बॉल हलकेच भोकात ढकलणं) दाखवलं की ज्यांनी कॅमेरा लावून, कोणी आपल्याला बघतंय या जाणिवेत सराव केला ते दडपणात कोलमडले नाहीत. नाहीतर होतं काय, हात जे आपोआप करत असतो त्यात डोकं घुसतं, अंगठा कुठे होता, मधलं बोट कुठे, आणि बट्ट्याबोळ. मी शेजारच्या काकूंना आणि त्यांच्या सुनेला चहाला बोलावलं आणि त्यांच्यासमोर वळले. पहिले दोन फाटले, काकू म्हणाल्या, "पुरुषांचं काम नाही ते." तिसरा बरा झाला. चतुर्थीला ओट्यापाशी नऊ माणसं उभी होती आणि तोपर्यंत मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

चोवीस वळले, दोन मोदकपात्रात उकलले, बावीस उरले. एकवीस नैवेद्याला. उकललेले दोन आईने स्वतःच्या पानात घेतले आणि कळ्या बोटाने मोजत होती, मी बघितलं ते तिला कळलं नाही.

नंतर हात राखायचा कसा

सायकल वर्षांनी घेतली तरी येते, कारण ती एक सलग हालचाल आहे. पायऱ्या-पायऱ्यांची कामं लवकर विसरतात, त्यातली एखादी पायरीच गळते. मोदक त्यातला. पुढच्या गणपतीपर्यंत काहीच केलं नाही तर बरंच जाईल, पण परत शिकायला पहिल्याइतका वेळ लागत नाही हेही खरं. आणि आपल्याकडे महिन्याला एक संकष्टी आयतीच आहे. मी दर संकष्टीला अर्धी नाही, एक वाटीची उकड काढतो, वही काढतो, पहिला सोडून पुढचे तीन लिहितो. ऑक्टोबरला आठ कळ्यांवर घसरलो होतो, नोव्हेंबरला दहा. या वेळी ऑफिसमधून उशीर झाला, गाड्या वीस मिनिटं लेट, घरी पोचलो तेव्हा चंद्रोदय होऊन गेला होता. आई म्हणाली राहू दे आज. पाचच केले.